विनोदाआधीचं हसू

हिंगणघाटला आमच्या शेजारचे काका ओट्यावर बसून पंखे दुरुस्त करतात. बोलताना शेवटच्या शब्दाआधी हटकून थांबतात. "पंखा उद्या… नेजो."

तरुणपणी ते कोर्टावरच्या एका विनोदी नाटकात साक्षीदार झाले होते. टीव्ही तेव्हा नवा होता. टीव्हीवाल्यांनी समोर प्रेक्षक बसवून ते नाटक चित्रित केलं. काका ते रोज मोबाइलवर लावतात. त्यांचा विनोद पुरा व्हायच्या आतच त्यात एक बाई खळखळून हसते.

"थे आमच्या घरची," काकांनी एकदा सांगितलं. "तालीम ऐकू ऐकू तिले सारं पाठ झालतं."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली.

परवा काका असेच मध्येच थांबले, आणि मी गमतीनं आधीच हसले. त्यांनी चटकन मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.