खंडेनवमीला धुतलेलं पिंप
झेंडूचा वास आला की भवानीनगरजवळच्या आमच्या शेडमधली ती खंडेनवमी आठवते. सुनेनं तिथं मासे पाळले होते आणि त्याच पाण्यावर पालक वाढवला होता. माशांच्या टाकीतलं पाणी विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या पिंपातून पालकाकडे जाई आणि फिरून टाकीत येई. वडील आजारी म्हणून ती इंदापूरला माहेरी गेली होती. सणासाठी ट्रॅक्टर, मोटार, कोयते धुताना मी ते पिंपही उपसलं. तुकड्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर साचला होता. ब्लीचिंग पावडर टाकून मी तो खरवडून काढला, झाकण लावलं आणि वर माळ घातली. सून परतली तेव्हा मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. तिनं पाणी तपासलं आणि ती म्हणाली, "आबा, अमोनिया लई वाढलाय. पिंपात तपकिरी थर आसतो ना, त्यातलं जिवाणू ही घाण खाऊन टाकत्यात. मग आसं कसं झालं? जाताना मीच खाद्य जास्त टाकलं आसंल." माझा मुलगा दारातून म्हणाला, "कर आता पालक घालून रस्सा! आधी ऊस हुता, त्यो काय वाईट हुता?" ती माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "व्हय, खाद्यच जास्त झालं आसंल." संध्याकाळपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत होते. आता ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. शेडचं कुणी विचारलं की म्हणते, "मला ते जमलं न्हाय." मी शेजारीच बसून ऐकतो. तिला ते उत्तम जमत होतं, एवढं तरी आज लिहून ठेवतो.