चारुलताची बॅटरी कोण खातं?

चारुलता पाटील तळोद्याच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे बेडकांच्या बरण्या पुसायच्या, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडायच्या आणि तपासणीला साहेब आले की इथे रोज विज्ञान घडतं असा चेहरा करायचा. गावापासून शाळा आठ-नऊ किलोमीटर. तेवढ्यासाठी तिने निम्मं आयुष्य काळीपिवळी जीपमध्ये काढलं. कधी कुणाच्या मांडीवर, कधी कुणाच्या कोंबडीवर.

नवरा अमृत, केळीचा बागायतदार. त्याच्याकडे मोठी फटफटी होती. तिला तो रोज फडक्याने असा पुसायचा, की लग्नानंतर आपल्याकडे कुणी असं पाहिलंच नाही, हे चारुलताच्या रोज लक्षात यायचं. मागे बसायचं तरी काही तरी निमित्त लागे. मयत असली तर चाले.

एका मे महिन्याच्या सुट्टीत तिने फोनवर पाहिलं की साध्या सायकलीला मोटर बसवता येते. माळ्यावर भावाची जुनी सायकल होती. तिने चाकात बसणारी मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर मागवला, खोकं ओसरीत उघडलं आणि वायरी पसरल्या.

अमृत म्हणाला, "हाई काय खूळ शे? ना सायकल, ना गाडी. लोक काय म्हनतीन?"

"लोकेस्ले काळीपिवळीमा माले पाहीसन काय वाटे, ते कधी इचारं का?" ती म्हणाली आणि पाना मागितला. त्याने दिला नाही. तिने उठून घेतला.

पहिली फेरी मारुतीच्या देवळापर्यंतच झाली. मूठ पिळली तशी सायकल झेपावली, चाकाचा आस त्याला धरणाऱ्या चिमट्यातच गरागरा फिरला आणि मोटरची वायर शेवयांसारखी पिळवटून तुटली. चारुलता पारावरच्या म्हाताऱ्यांच्या पायांशी जाऊन बसली. एकाने विचारलं, "नमस्कार कराले उनी का?"

मग तिने सायकल टेम्पोत टाकून तळोद्याला वीरसिंग मिस्त्रीकडे नेली. त्याने आसाला फिरू न देणारी लोखंडी पट्टी ठोकून बसवली आणि म्हणाला, "ताई, मोटरमा जोर शे, पन सायकल बिचारी म्हातारी शे. तिन्हा इचार करा." चारुलताने विचार केला. ब्रेकचे रबर बदलले, मागच्या चाकाला जाड तारा घातल्या, कंट्रोलर सीटखाली सावलीत बांधला. जून उजाडला आणि ती काळीपिवळीच्या शेजारून, पदर खोचून, हेल्मेट घालून, पाय नावापुरते हलवत शाळेला निघाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने मागे पाहिलंच नाही.

रविवारी ती तारा ताणायची, हवा भरायची, साखळीला तेल द्यायची. पावसाळाभर सायकल निमूट चालली. दिवाळीनंतर मात्र बॅटरी दगा देऊ लागली. रात्री पूर्ण चार्ज केलेली, आणि परत येताना निम्म्या वाटेत संपलेली. ते धूड नुसत्या पायांनी ओढत ती घरी यायची तेव्हा तोंडात ज्या शिव्या असत, त्या प्रयोगशाळा सहायकाला शोभणाऱ्या नव्हत्या. तिने बॅटरी उघडली, मीटर लावला, प्रत्येक सेल तपासला. सगळं ठणठणीत.

त्याच सुमारास अमृतला डॉक्टरांनी साखरेसाठी पहाटे चालायला सांगितलं होतं. तो न चुकता जात होता. आश्चर्य एवढंच की पोट जिथल्या तिथे होतं आणि साखर वरच चढली होती.

उलगडा केला मोतीबाईने. ती केळीत कामाला येणाऱ्या बायांची मुकादम. एकदा दारात येऊन तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाई, मालकले समजाडा. पहिले फटफटीना आवाज ये, आम्ही उठी जाऊत. आते मालक भूतना मायक मांगे उभा ऱ्हातस. निवांत तंबाखू बी खाता येत नही."

चारुलता चहा ओतत होती. तो बशीबाहेर गेला.

अमृतच्या नकळत तिने भंगारातून छोट्या टेम्पोचा रिव्हर्सचा भोंगा आणला आणि असा जोडला, की बॅटरीची चावी फिरवली की तो सुरू. सीटखालचं बटण दाबलं तरच गप्प.

दुसऱ्या दिवशी पहाटे अमृत अंधारात सायकल ढकलत बागेपर्यंत गेला, बांधावर सायकलवर बसला, चावी फिरवली आणि मूठ पिळली. शांत केळीत बाईचा गोड आवाज घुमला, "ध्यान दीजिए, गाड़ी पीछे आ रही है!" गाडी पुढे चालली होती. मोतीबाई आणि तिच्या बाया पदर तोंडात कोंबून उभ्या राहिल्या. अमृत चावी शोधायला वाकला, मूठ सुटली नाही, आणि मालक सायकलसकट पाण्याच्या चारीत गेले. चारीतूनही गाडी पीछे येतच होती.

घरी आला तो चिखलाने लडबडलेला. "चालता चालता घसरनू," म्हणाला.

"सायकलसकट?"

तो पायरीवर बसला. कानातला चिखल काढू लागला. मग मान खाली घालून म्हणाला, "माले आवडस ती. आवाज नही, धक्का नही. पहाटे केळीमातून जाताना वारा लागस... फटफटीवर कधी समजनंच नही."

चारुलताला हसायचं होतं, पण तो इतकं खरं क्वचितच बोलायचा. ती म्हणाली, "मंग तुम्हनी तुम्हीच बनाडा. पाना मी देसू."

त्याला सगळा हिवाळा लागला. पहिला कंट्रोलर त्याने उलट्या तारा जोडून जाळला. ओसरीत धूर झाला, शेजारी बादली घेऊन धावले. चारुलता शेजारी बसून शेंगा सोलत होती. विचारेल तेवढंच सांगत होती, आणि तो विचारत नव्हता. अखेरीस विचारलं. मग सायकल झाली.

आता कधी कधी सकाळी दोघं फाट्यापर्यंत बरोबर जातात. परवा वाटेत अमृतचं चाक पंक्चर झालं. ती थांबली, पंप आणि चिकटवायचं सामान त्याच्या हातात दिलं आणि शाळेला उशीर होतोय म्हणून निघून गेली.