सिनेमाच्या नावाची फाइल

लॅबमध्ये धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ मी रोज पुसायचे. किस्से पुसायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून राहिले.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. मुलगी जेमतेम चालायला लागली होती, नोकरी कंत्राटी होती. कुठलीही तक्रार आली की ती माझ्याबद्दलच असणार, असं मी आधीच धरून चालायचे.

* * *

पहिली तक्रार परदेशातून आली. एका सिनेमा कंपनीचा मेल होता: तुमच्या इंटरनेटवरून कोणीतरी आमचा सिनेमा वाटतो आहे, थांबवा. प्रिन्सिपल सरांनी प्रिंट काढून मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपल्या लॅबमधून चोरी झाली आहे."

दारात उभे असलेले शिपाई गजूभाऊ तडक लॅबकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, "सर, कुलूप तं शाबूत हाये. मशिनी बी जागच्या जागी हायेत. काईच गेलं नाई."

सर माझ्याकडे पाहत राहिले. "काही गेलं नाही सर, तरी चोरी झाली आहे," मी म्हणाले. ते माझं मलाच नीट पटलं नव्हतं.

* * *

मग कमिटी झाली. प्रिन्सिपल सर, गणिताचे देशकर सर आणि मी. नियम ठरला: पहिल्यांदा सापडला तर महिनाभर इंटरनेट बंद आणि घरच्यांना बोलावणं, दुसऱ्यांदा सापडला तर हॉस्टेलमधून बाहेर.

देशकर सरांना नियम फार आवडला. तेही कोणाला काही उतरवू देत नसत. कोणी मोबाइलवर त्यांचा तास रेकॉर्ड करताना दिसला की मोबाइल जप्त. लॅबमध्ये त्यांच्या नावाची फाइल दिसली की स्वतः येऊन डिलीट करायचे. "मी शिकवतो ते माझं आहे. वर्गात बसा आणि घ्या." वेचणीच्या दिवसांत मजूर परवडत नसे, निम्मा वर्ग शेतात असे. सर रिकाम्या बाकांकडे पाहत दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझा तास पुन्हा होत नाही."

नोटीस लावताना राळेगावकडचा विलास मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, गाणं ऐकलं तं चोरी, का दुसऱ्याले देलं तं चोरी?"

"दिलं तर."

"आमच्याकडं देणाऱ्याले चोर नाई म्हनत कोनी," तो म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात एका गाण्यापायी त्याचंच इंटरनेट बंद झालं.

* * *

फुलसावंगीच्या एका मुलाचे वडील बोलावण्यावरून आले. वेचणी अर्धी टाकून एसटीनं आले होते. खुर्चीवर बसेनात. "बाई, पोरानं जे नेलं ते आमी परत देतो. कुठी ठेवलं ते फक्त सांगा त्याले."

मी समजावलं की ती वस्तू कंपनीकडेही आहे आणि मुलाकडेही आहे.

"मंग त्याईचं गेलं काय?"

मी बरंच काही बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि मुलाला माझ्यादेखत एक चापट मारली. मग त्याच्या हातात घरून आणलेली भाकर दिली आणि स्टँडकडे गेले. त्यानंतर मी तो प्रश्न घरी नेला, तो अजून घरीच आहे.

* * *

सासूबाईंना मी हे सगळं सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, "त्या सिनेमावाल्याईनं तुलेच धरून नेलं, तं पोरीले कोन पाहीन?" मी हसून दाखवलं. मुलीचा डबा भरताना मात्र दोन वेळचं भरलं.

* * *

आणि मग तो मेल आला. ऐन वेचणीत, एका नव्या सिनेमाचं नाव. मी शोध घेतला, तर फाइल विलासच्या खात्यावर. दुसरी वेळ. त्याचं शेवटचं वर्ष होतं. हॉस्टेल सुटलं असतं तर गावाहून रोज येणं शक्य नव्हतं. गजूभाऊंनी सांगितलं, "पोट्ट्यानं पेटी बांधून ठेवली, मॅडम."

फाइल सिनेमाच्या मानानं फारच लहान होती. विलासला कमिटीपुढे उभं केलं, तेव्हा मी भीतभीत म्हणाले, "एकदा उघडून पाहायची का?"

चित्र आलंच नाही. दार लावल्याचा आवाज आला, मग देशकर सरांचा: "माझा तास पुन्हा होत नाही."

देशकर सर नेहमी शुद्ध बोलायचे. ते विलासला म्हणाले, "कायले केलं हे?"

"सर, वेचणीवरची पोरं बाजाराच्या दिवशी राळेगावले येतात. तिथल्या नेट कॅफेतून उतरवून घेतात. त्याईले तासाले येता येत नाई."

"आणि सिनेमाचं नाव?"

"तुमचं टाकलं असतं तं तुमीच डिलीट मारलं असतं."

सिनेमा कंपनीनं नुसतं नाव पाहून तक्रार केली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. प्रिन्सिपल सर सावकाश म्हणाले, "कंपनीचा प्रश्न मिटला. पण देशकर, माल तुमचा आहे. तुमची तक्रार असेल तर नियम तोच."

देशकर सर मला म्हणाले, "मॅडम, पुढचं लावा." रेकॉर्डिंगमधली घंटा होईपर्यंत त्यांनी अख्खा तास ऐकला. मग उठले. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मुलीला ताप होता. तिला मांडीवर झोपवून मी लॅबमध्ये बसले होते. विलास बाहेर पायरीवर, पेटी शेजारी. देशकर सर त्याच्याकडे न पाहता आत आले, दार स्वतः लावून घेतलं, कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसले आणि माइकचा हेडफोन कानाला लावला. घसा साफ केला. मग माझ्याकडे वळून, मुलगी उठू नये इतक्या हळू आवाजात विचारलं,

"मॅडम, सध्या कोणता सिनेमा चालू आहे?"