पहिल्या संक्रांतीची काळी साडी

सुमतीबाई देवस्थळी यांची आणि माझी ओळख लाल शाईतून झाली. मी कोल्हापूरहून जयपूरला समाजशास्त्र शिकायला आले होते आणि बाई आम्हाला शिकवत. ‘देशाची संस्कृती एक की अनेक?’ यावर आठ पानं लिहून मी ‘एकच’ असा निकाल देऊन टाकला. बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘शेजारी कोण राहतं, ते आधी बघून ये.’ मी ते इतकं मनावर घेतलं, की वर्गातल्या जयपुरी महेंद्रशीच लग्न केलं!

रविवारी बाईंच्या जवाहर नगरच्या घरी आम्हा मराठी विद्यार्थ्यांना पोहे मिळत. कुणाच्या मराठीत ‘मतलब’ घुसला तर बाई टोकत नसत. पोहे टाकले तर मात्र टोकत.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने धाडलेली काळी चंद्रकळा मी हौसेने नेसले. गच्च्यांवर पतंगांचा कल्ला चालला होता. सासूबाई मला बघून दारातच थबकल्या. “नई बहू और काला? ऐसा अपशकुन हमारे यहाँ कोई नहीं करता!” म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, या घरात आपलं काही जमणार नाही. तशीच स्कूटर काढून बाईंकडे गेले, रडले.

बाई तिळगुळाचा डबा घेऊन माझ्यासोबत आल्या. तासभर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसल्या. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “हमारे में थंडी के लिए काला पहनते हैं, जी. आपके यहाँ क्या-क्या करते हैं?” सासूबाई आधी तुटक, मग भरभरून बोलल्या.

बाहेर येऊन बाईंनी मला सांगितलं, “साडी बदल.”

मी चिडले. “म्हणजे माझंच चुकलं?”

“चुकलं नाही. पण त्या रागावलेल्या नाहीत गं, घाबरल्यात. मुलाच्या जिवाला काही होईल म्हणून. साडी पुढच्या वर्षीही नेसता येईल. त्यांची भीती तोवर राहू देऊ नकोस.”

मी लाल लहरिया साडी नेसले. बाईंवरचा राग मात्र बरेच दिवस गेला नाही, हे आज कबूल करते. त्यानंतर दर संक्रांतीला बाई आमच्याकडे येत राहिल्या. तिळगूळ देत, सासूबाईंच्या हातची शेवयांसारखी गोड फीणी खात आणि दोघी तासन्‌तास बोलत बसत.

तिसऱ्या वर्षी माझ्या मुलीचं बोरन्हाण होतं. काळ्या झबल्याचा विषय काढायचं मला धाडस होईना. त्या सकाळी सासूबाईंनीच पिशवीतून काळं झबलं काढलं. स्वतः शिवलेलं, काठाला सोनेरी गोट्याची जरीची किनार लावलेलं. “तुम्हारे में यही पहनाते हैं न?” बाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि डोळे पुसले.

संस्कृती एक की अनेक, याचं उत्तर बाईंनी आम्हाला कधीच दिलं नाही. मीही आता विचारत नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीला मी काय शुभेच्छा द्याव्यात? सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, पण हा लेख मी त्यांना हिंदीत सांगितला. त्या म्हणाल्या, “मेरी तरफ़ से भी लिख दे. बाईजी, जब तक मैं हूँ, आपको भी रहना है. और मेरा अभी जाने का कोई इरादा नहीं.”