हर्षदचा पाण्यातला पाय

हर्षदचा डावा पाय पाण्याखाली राहायला तयार नव्हता. त्याने दोन हात मारले की पाय बुचासारखा वर यायचा, कंबर वाकडी व्हायची आणि तोंड पाण्यात जायचं. मी स्विमिंग पूलच्या काठावर सलवार दुमडून उभी होते. त्याची बायको केतकी पाण्यात त्याच्या शेजारीच होती. तिने त्याला खांद्याला धरून सरळ केलं.

"मॅडम," नाकातलं पाणी शिंकरत हर्षद म्हणाला, "हा पाय माझ्याआधी ग्रीसला पोचेल."

केतकी हसली. मला हसू आलं नाही. तो पाय मी बनवला होता आणि त्यांची फ्लाइट महिन्याच्या आत होती.

मी प्रॉस्थेटिस्ट आहे. म्हणजे कृत्रिम हात-पाय बनवते आणि ते वापरायला शिकवते. आमच्या बिल्डिंगमधले बरेच लोक मला फिजिओथेरपिस्ट समजून गुडघेदुखीवर सल्ला विचारतात. त्यांचा हा गैरसमज दूर करणं मी आता सोडून दिलंय. मूळची नागपूरची, पण नोकरीची बहुतेक वर्षं इकडे कन्नड मुलखात, बसवनगुडीतल्या एका क्लिनिकमध्ये गेली. मराठी पेशंट आले की मूर्ती सर, म्हणजे आमचे बॉस, त्यांना न विचारता माझ्याकडे पाठवतात.

हर्षद आणि केतकी असेच आले होते. दोघं पुण्याचे, आयटीमधले, इंदिरानगरला राहणारे. काही वर्षांपूर्वी रिंग रोडवर हर्षदच्या बाइकला लॉरीने धडक दिली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचा रोजचा पाय आमच्याकडचाच. त्यावर तो ऑफिसला जायचा, जिने चढायचा, गाडी चालवायचा. पॅन्ट घातलेली असली तर कोणाला कळायचंही नाही, आणि ते कळू नये याची तो फार काळजी घ्यायचा. मी त्याला हाफ पॅन्टमध्ये फक्त तपासणीच्या टेबलावर पाहिलं होतं.

पाण्यातला पाय मागायला ते आले त्या दिवशी मात्र बोलायला सुरुवात केतकीने केली.

"ताई, आम्ही शिडाच्या बोटीवर सुट्टीला जातोय. ग्रीसच्या किनाऱ्याने. एक आठवडा, आम्ही दोघं आणि एक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा. रोज नवं बेट, रोज पोहणं."

कॉलेजमध्ये ती एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होती. छोट्या शिडाच्या बोटी तिने चालवल्या होत्या. लग्न ठरलं तेव्हाच हा प्रवासही ठरला होता. मग अपघात झाला आणि नंतर त्याचं नावही कोणी काढलं नाही. आता तिने हर्षदला न विचारता बोट बुक केली होती.

"मला बोटीवर बसता येईल असा पाय द्या," हर्षद म्हणाला.

"बसायला पाय कशाला लागतो?" केतकी म्हणाली.

मी त्याला सरळ सांगितलं की पाय काढूनही छान पोहता येतं. पुष्कळ लोक तसंच पोहतात. तो लगेच म्हणाला, "नाही. लोकांसमोर पाय काढणार नाही. तो विषय नको."

केतकी गाडी काढायला खाली गेली तेव्हा तो हळूच बोलला. "मी पाण्यात उतरलो नाही तर तीही उतरणार नाही. माझ्याशेजारी बसून राहील आणि म्हणेल, मला काय, इथेच छान वाटतंय. गेली काही वर्षं ती सगळीकडे हेच म्हणतेय. मला ते परत ऐकायचं नाहीये."

त्याला हा पाय खरा कशासाठी हवाय, ते मला तेव्हा कळलं.

मूर्ती सरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे वाईट लक्षण.

"वॉटर लेग म्हणजे बाथरूमसाठी, वैशाली. अंघोळीला. तू समुद्राचं काय बोलतेस?"

"तोच पाय सर, स्वल्प बदलून."

"आणि तो तिकडे पडला तर? बसवनगुडीहून उडी मारणार तू?"

"बायको आहे, स्किपर आहे, लाइफ जॅकेट आहे."

सरांनी चष्मा परत घातला. "सरी, ठीक आहे. एक अट. इथल्या पूलमध्ये तो स्वतः उतरेल, पोहेल आणि शिडीने स्वतः बाहेर येईल. कोणी हात द्यायचा नाही. मी बघायला येणार. नाही जमलं तर पाय कपाटात."

अडचणी तीन होत्या. पहिली अडचण अनवाणी चालण्याची. बोटीच्या डेकवर बूट चालत नाहीत, असं बुकिंगवाल्यांनी कळवलं होतं. आता, कृत्रिम पाऊल आपल्या पावलासारखं घोट्यात हलत नाही. बुटाची टाच जेवढी उंच, त्या हिशेबाने आम्ही पावलाचा कोन पक्का करतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणसाला सतत चढावर उभं असल्यासारखं वाटतं. तोल मागे जातो. घरात ठीक आहे, भिंत धरता येते. हलत्या बोटीवर काय धरणार? म्हणून नवा पाय मुळातच अनवाणी चालण्यासाठी बसवला आणि तळव्याला खाचांचं रबर लावलं.

दुसरी अडचण खाऱ्या पाण्याची. पायाचा उरलेला भाग ज्या कपात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. हर्षदच्या रोजच्या पायात सॉकेटच्या तळाशी एक धातूची पिन छोट्या कुलपात अडकते आणि त्यावर पाय टिकतो. मीठ आणि वाळू त्या कुलपाला दोन दिवसांत खाऊन टाकतील. ती पिन काढली. त्याऐवजी मांडीपर्यंत घट्ट बसणारी रबरी बाही दिली.

तिसरी अडचण तुम्ही सुरुवातीला पाहिलीच. नडगीचा भाग मी पोकळ आणि बंद ठेवला होता. बंद डब्यात हवा राहते आणि डबा तरंगतो. म्हणून घोट्याजवळ एक भोक पाडलं. पाणी आत शिरलं, पाय पाण्यात राहिला, हर्षदने पूलची एक लांबी सलग मारली. केतकीने काठावर चढून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं काम.

मग तो शिडीकडे गेला. पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, वर उचलला गेला आणि तिथेच अडकला. डाव्या पायात पाणी भरलेलं होतं. ते भसाभस बाहेर येण्याऐवजी थेंबथेंब गळत होतं. एवढं वजन गुडघ्याखाली लटकत असताना दुसरी पायरी गाठणं त्याला जमेना. हात सुटले आणि तो पाठीवर पडला. पाणी खोल नव्हतं, लागलं काही नाही. पण तो उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"बास," तो म्हणाला. "केतकी, तू पोह. मी बोटीवरून तुझे फोटो काढीन."

"फोटो काढायला मी नवरा नेत नाहीये."

"मग नको जाऊया."

"हे तू ठरव. या वेळी मी ठरवणार नाही," ती म्हणाली. "दर वेळी मी म्हणते राहू दे, आणि तू म्हणतोस बघ, तीच नको म्हणाली. या वेळी नको म्हणायचं असेल तर तू म्हण." ती टॉवेल घेऊन कपडे बदलायला निघून गेली.

हर्षद काठावर बसला, रागाने बाही ओढून काढली आणि पाय बाजूला ठेवला. गुडघ्याखालचा उरलेला पाय तसाच उघडा होता. रागाच्या भरात टॉवेल टाकायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तेवढ्यात डोक्याला रबरी टोपी घातलेल्या एक आजी सावकाश चालत आल्या. त्याच्या पायाकडे बघितलं, बाजूच्या कृत्रिम पायाकडे बघितलं. मग त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "नीरु तुंबा तण्णगिदेया?" पाणी फार गार आहे का, एवढंच.

हर्षद गडबडला. "स्वल्प," तो म्हणाला.

आजींनी मान हलवली, कुरकुरत पायरी उतरल्या आणि पोहायला लागल्या. हर्षद बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. मग पाय हातात घेऊन त्याने तो उलटा धरला, हलवला. पाणी गुडगुडत राहिलं.

"हे बाहेर का येत नाही, मॅडम?"

मीही तेच बघत होते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं. दुसरं भोक पाडलं की हवा आत जाते आणि सरळ धार लागते. घरी हे हजारदा केलेलं असतं, पण पायाच्या बाबतीत डब्याची आठवण यायला मला एक आपटलेला पेशंट लागला.

"वर एक भोक राहिलंय," मी म्हणाले.

"मग पाडा की," तो म्हणाला. त्याने हो म्हटलंय, हे मी केतकीला गाडीत सांगितलं. ती खिडकीकडे वळून म्हणाली, "मला पाणी द्या जरा."

पुढच्या वेळी मूर्ती सर आले. फुल शर्ट, बूट, हाताची घडी. हर्षद उतरला, पोहला, शिडीशी आला. पायरी चढताना घोट्यातून धार लागली आणि पाय रिकामा झाला. तो वर आला. कोणी हात दिला नाही. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भोकाच्या कडा घास. चामडी कापेल." शाबासकी म्हणून आमच्याकडे एवढंच मिळतं.

हर्षद आणि केतकी ग्रीसला गेले. पहिले दोन दिवस फोटो येत राहिले. निळं पाणी, पांढरं शीड, डेकवर अनवाणी उभा हर्षद. मी ते फोटो मोठे करून फक्त त्याची टाच बघायचे. बरोबर बसली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, क्लिनिकमध्ये पेशंट असतानाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे केतकी सुकाणूपाशी उभी होती आणि स्किपर तिला काहीतरी खुणावत होता. हर्षदने कॅमेरा पायावर नेला. उरलेल्या पायाच्या टोकाला रुपयाएवढा लाल डाग.

"दुखतंय?"

"चुरचुरतं."

उन्हाने पाय सुजतो, खारं पाणी आत राहून जातं आणि चामडी घासली जाते. अजून फुटली नव्हती. फुटली असती तर उरलेली सुट्टी पाय घालता आला नसता, आणि परत आल्यावरही महिनाभर नाही.

"गोड्या पाण्याने धू, कोरडा कर आणि पाय काढून ठेव. आज आणि उद्या, दोन्ही दिवस."

"मॅडम, उद्या आम्ही त्या खाडीत जातोय. केतकीने बोट बुक केली ती त्या खाडीसाठी."

"मला कळतंय. तरी नाही."

मागून केतकी ओरडली, "काय म्हणाल्या?" तो मला म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. मी समोरच्या पेशंटकडे वळले, पण त्या दिवशी माझं मोजमाप दोनदा चुकलं. एवढी भोकं पाडून, एवढं करून, तो अखेर बोटीवर बसून राहणार आणि त्याच्याशेजारी ती.

दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओ आला. स्किपरने काढलेला, हलणारा. बोटीच्या मागच्या टोकाशी हर्षद हाफ पॅन्टमध्ये बसलाय. कृत्रिम पाय रेलिंगला बांधून वाळत घातलाय. केतकी पाण्यात आहे, हात वर करून काहीतरी बोलतेय, वाऱ्यात ऐकू येत नाही. शेजारी दुसरी बोट नांगर टाकून उभी आहे, तिच्यावर माणसं आहेत. हर्षद त्यांच्याकडे बघतो. मग दोन्ही हातांनी काठ ढकलतो आणि पडतो पाण्यात. वर येतो तेव्हा केतकी त्याच्यापाशी पोचलेली असते, पण ती त्याला धरत नाही. दोघं किनाऱ्याच्या दिशेने पोहत जातात, आणि कॅमेऱ्यात दोन डोकी लहान लहान होत जातात.

मी तो व्हिडिओ मूर्ती सरांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

"पाय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"रेलिंगवर, सर."

"म्हणजे आपण उगाच बनवला."

"नाही सर," मी म्हणाले. सरही तसं समजत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

डाग फिकट झाला. शेवटचे दिवस हर्षदने पाय घातला, एका बेटावरच्या पायऱ्या चढून वरच्या चर्चपर्यंत गेला, परतीच्या दिवशी तासभर सुकाणू धरून उभा राहिला. पाण्यात मात्र तो त्यानंतर पायाशिवायच उतरला. आल्यावर त्याने मला हे सांगितलं तेव्हा जरा ओशाळला होता, जणू मला वाईट वाटेल. केतकी त्या वेळी रिसेप्शनवर आमच्या मुलींना फोटो दाखवत होती. पुढच्या वर्षी तुर्कस्तान, असं मोठ्याने चाललं होतं.

आता पोहण्यासाठी पाय मागायला कोणी आलं की मी माप घेण्याआधी विचारते, एकदा पायाशिवाय पाण्यात उतरून बघता का? बहुतेक जण नाही म्हणतात. मी वाद घालत नाही, माप घ्यायला बसते. पाय बनवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात कधीकधी माणसाचं मनही तयार होतं.