शंकूतला माल

माझं काम टिकलं ते एका सरकारी इंजिनिअर मॅडममुळे. त्यांचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी नांदेडकडचा, सातवीतच शाळा सुटलेली. एरंडोलजवळ पुलाच्या कामावर मिक्सर चालवतो. काँक्रीटचा माल भराभर ओतला जावा म्हणून मुकादम सांगेल तेवढं जास्तीचं पाणी घालायचो. तपासणीसाठी घट्ट माल वेगळा ठेवलेला असे.

तपासणीला आलेल्या मॅडमनी त्याकडे पाहिलंही नाही. ओढणी कमरेला बांधून त्या थेट खांबापाशी उतरल्या आणि ओतत असलेलाच माल पत्र्याच्या शंकूत भरला. शंकू उचलला की चांगला माल उभा राहतो; हा ताकासारखा पसरला.

मुकादमानं माझ्याकडे बोट केलं. “मॅडम, हाऊ बाहेरना शे, याले काही समजत नई. आजच काढी टाकस.”

मी बाहेरचा, म्हणून आजच कामावरून काढणार! घरी काय तोंड दाखवणार?

मॅडम मुकादमाला म्हणाल्या, “त्याला समजत नाही. तुम्हाला तर समजतं ना, नाना?”

तो माल त्यांनी फेकायला लावला. मग शंकूतला माल ठासायची सळई माझ्या हातात दिली. “थराला पंचवीस ठोके. मोठ्यानं मोज.” रजिस्टरात लिहिलं : यापुढे शंकू हाच भरेल, माल पसरला तर ओतायचा नाही.

अजून मोठ्यानंच मोजतो. मॅडम, कधी भेटलात तर नाव विचारीन आणि खांब दाखवीन. तुमचं देणं मी तिथंच फेडतोय, पुरं फेडीन.