भाईकाकांनी आणलेला जबडा

मे महिन्याची सुट्टी, आचऱ्याचं आमचं घर आणि ओट्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका प्रचंड सरड्याचा, दगड झालेला जबडा... साठच्या दशकातली गोष्ट, पण अजून डोळ्यांसमोर आहे.

भाईकाका, म्हणजे माझे सख्खे काका, जन्मभर मालवाहू बोटीवर होते. घरी आले की उडते मासे, बर्फाचे डोंगर असं काय काय सांगायचे आणि गाव गालातल्या गालात हसायचं. म्हणून समुद्रात काय काय असतं याचा पुरावाच, हा जबडा, त्यांनी निवृत्त होताना मोरोक्कोच्या बंदरातून आणला. दुसऱ्या दिवशी, सुट्टी असली तरी, गावकऱ्यांना शाळेत जमवून तो शाळेला भेट द्यायचा होता.

मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते. "सांग गो, खरो आसा मा?" काकांनी विचारलं.

भिंगातून पाहिलं. दातांवरचं चकचकीत कवच, त्यातल्या बारीक चिरा, खालची मुळं... सगळं अस्सल. पण ते बसवले होते त्या दगडात हाडाचा पोत कुठेच नव्हता, नुसती वाळू आणि मधे मधे हवेचे बुडबुडे. काकांचा चेहरा बघून मी भिंग खाली ठेवलं. "उद्या उजेडात बघतंय," म्हटलं.

सकाळी पाहते तर काकी मागल्या पडवीत रडकुंडीला आलेली. शाळेत मिरवायची वस्तू म्हणून तिने जबडा देवाच्या समईसारखा चिंचेच्या पाण्यात भिजत घातला होता... घमेल्यात वाळूचा चिखल, सरसाचा वास आणि तळाशी सुटे दात. "माका वाटला, जरा लखलखीत करूया," एवढंच ती म्हणाली.

काका घमेल्यापाशी येऊन बसले. मला फार वाईट वाटलं. एक दात धुऊन मी त्यांच्या हातावर ठेवला. "काका, जबडो कोणीतरी वाळूचो केल्यान. दात मात्र खरे आसत."

त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. "मगे दातच देवया," म्हणाले.

शाळेत त्यांनी दात टेबलावर मांडले आणि आपण कसे फसलो ते सगळ्यांसमोर रंगवून सांगितलं, काकीच्या चिंचेसकट. लोक पोट धरून हसले... काकाही हसले. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "भाई, ता बर्फाच्या डोंगराचा परत एकदा सांग बघूया."

या वेळी कुणीच हसलं नाही.

पुढे आयुष्यभर जीवाश्म पारखले. तुकडा हातात आला की मी आजही आधी 'खरा की खोटा' विचारत नाही, यात खरं किती आहे ते शोधते... आणि दर वेळी काकांची आठवण येते.